धोटा, साचेखातं आणि समतेचा कायदा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आज मी एका लाकडी वस्तूपासून सुरुवात करणार आहे. वीतभरापेक्षा थोडी मोठी, होडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना धातूची टोकं बसवलेली. तिला धोटा म्हणतात. परळ-लालबागच्या ज्या घरांत आजोबा किंवा पणजोबा गिरणीत होते, तिथे ती कदाचित आजही माळ्यावर सापडेल. मागावर उभे धागे ताणलेले असतात. त्यांच्यामधून हा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे धावतो आणि आडवा धागा टाकत जातो. कापड विणलं जातं ते असं.

धोट्याच्या पोटात सुताची कांडी बसवलेली असते. ती काही मिनिटांत संपते. मग विणकर माग थांबवतो, नवी कांडी घालतो आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भिंतीतल्या बारीक भोकातून बाहेर काढतो. जुन्या धोट्यात हे काम सुईने किंवा बोटाने होत नसे. भोकाला ओठ लावायचे आणि जोरात श्वास ओढायचा, की धागा बाहेर यायचा. दिवसभरात हे शेकडो वेळा करायचं. धोटेही एकाच माणसाचे नसत. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागे. लँकेशायरच्या गिरण्यांतही हीच पद्धत होती. तिथल्या डॉक्टरांना त्यात रोगाचा प्रसार दिसला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तर १९११ सालीच असल्या धोट्यावर बंदी घातली.

आपल्याकडे त्यात दिसला तो विटाळ. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या ओठाला कसा लावायचा? या एका प्रश्नावर मुंबईच्या कापड गिरण्यांतलं विणकामखातं, कामगारांच्या बोलीत साचेखातं, अस्पृश्य मानलेल्या जातींना बंद राहिलं. त्यांना त्रासनात म्हणजे सूतकताईच्या खात्यात काम मिळे, झाडलोटीचं आणि हमालीचं काम मिळे. साच्यावर मिळत नसे. आणि गिरणीत साधारणपणे चांगली मजुरी होती ती साच्यावरच. त्रासनातल्या माणसापेक्षा विणकराची कमाई बरीच जास्त असे. म्हणजे प्रश्न केवळ सोवळ्या-ओवळ्याचा नव्हता. महिनाअखेरीला गावी जाणाऱ्या मनीऑर्डरचा होता.

असा नियम कुठल्याही गिरणीच्या दारावर लिहिलेला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंग्रजी अमलात कायदा सगळ्यांना सारखा, असं सांगितलं जात होतं. मालक म्हणायचे, आम्हाला काम करणारे हात हवेत, जात कोण विचारतो? भरती जॉबर करायचा. तो आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीतला माणूस आणायचा. रत्नागिरीचा जॉबर रत्नागिरीची माणसं भरी, साताऱ्याचा साताऱ्याची. चाळींतही तेच. जातीजातींची, गावागावांची वस्ती वेगळी. अशा व्यवस्थेत कुणी कुणाला मनाई करायची गरजच पडत नाही. सगळं आपोआप चालतं, आणि जबाबदार कोण विचारलं तर कुणीच नसतं.

हा न लिहिलेला नियम पहिल्यांदा जाहीरपणे चव्हाट्यावर आला तो १९२८ च्या संपात. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. मालकांनी काम वाढवलं होतं. एका माणसाने पूर्वीपेक्षा जास्त यंत्रं सांभाळावीत अशी नवी योजना काही गिरण्यांत आली होती. माणसं कमी होणार होती, मजुरीही घटणार होती. संयुक्त संप समिती झाली. तिचे चिटणीस होते मवाळ विचारांचे ना. म. जोशी आणि कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे. एरवी या दोघांचं फारसं पटत नसे. संपाने त्यांना एका टेबलाशी बसवलं. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियनही याच संपात, मे महिन्यात, जन्माला आली.

आता परळचा नकाशा जरा डोळ्यांसमोर आणा. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली होती आणि तिचा दामोदर हॉल परळला उभा होता. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली ती याच दामोदर हॉलमधल्या सभेतून, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कार्यालयही तिथेच होतं. जवळच पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत, पहिल्या क्रमांकाच्या इमारतीत, ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत ते राहत. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला, मुंबईच्या कायदेमंडळात बसणारा माणूस गिरणी कामगारांच्याच चाळीत राहत होता, तिथल्याच नळावरचं पाणी पीत होता. साचेखात्यात आपल्या माणसांना जागा नाही, हे त्यांना कुठल्या अहवालातून कळायची गरज नव्हती. ते जिन्यावर भेटणाऱ्या शेजाऱ्याकडून कळत होतं.

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे अट ठेवली. गिरणीतल्या सगळ्या खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला. नाही घातलात, तर आमच्या माणसांना संपातून बाजूला व्हायला सांगावं लागेल. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग आहे. पुढाऱ्यांनी मागणी स्वीकारली, पण नाखुशीने. संप मिटल्यावर फॉसेट समिती नेमली गेली. तिच्यासमोर हा प्रश्न आला तेव्हा मालकांना हसू फुटलं. हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही, असं त्यांचं उत्तर होतं. तुमच्याच कामगारांना विचारा.

मालकांचं हे उत्तर कावेबाज होतं, यात शंका नाही. भरती त्यांच्या नावाने होत होती, पगार त्यांच्या तिजोरीतून जात होता. कांडी बदलण्याची पद्धत बदलायची म्हटली तर नवे धोटे विकत घेणंही त्यांच्याच हातात होतं. पण उत्तर निव्वळ खोटंही नव्हतं, आणि संपाच्या पुढाऱ्यांना ते झोंबलं असणार. जगातल्या कामगारांनो एक व्हा असं सांगणाऱ्या युनियनच्या सभासदांनाच शेजारच्या खात्यातला आपला भाऊ साच्यावर नको होता. डांगे, जोशी ही माणसं व्यक्तिशः जातीभेद मानणारी नव्हती. त्यांची अडचण वेगळी होती. विणकर हा संपाचा कणा. तो दुखावला तर संप मोडेल. आधी भाकरीचा प्रश्न सोडवू, जातीचा मागाहून बघू, असा तो हिशोब. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर तो समजतो. पण बी. आय. टी. चाळीच्या खोलीत बसून पाहिलं, तर ‘मागाहून’ हा शब्द ऐकून कान किटले असणार. शिवाय ज्याला भाकरीच अर्धी मिळते ती जातीमुळे, त्याला हे दोन प्रश्न वेगळे कसे करता येतील?

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, युनियनने पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. यावरून त्यांच्यावर आजही टीका होते. त्या संपात कामगारांची एकजूट फुटली, हे खरं आहे. पण एकजूट म्हणजे काय आणि ती कुणाच्या खर्चाने, हा प्रश्न आदल्या वर्षीच विचारला गेला होता आणि त्याचं धड उत्तर मिळालं नव्हतं, हेही खरं आहे. माझं मत विचाराल, तर १९२८ ची ती अट मुंबईच्या कामगार चळवळीला मिळालेली सर्वांत मोठी संधी होती आणि ती वाया गेली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. तिथली मांडणी परळमधल्या याच अनुभवातून आलेली आहे. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध, त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. कामगार मैदानावर एका व्यासपीठावर बसले. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही.

या मागणीला मागचा आधार होता. गिरगावात प्रार्थना समाज हा आज बसचा थांबा म्हणून लोकांना माहीत आहे. त्याच समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली अस्पृश्यांसाठी मिशन काढलं आणि पहिली शाळा उघडली ती परळला, गिरण्यांच्या सावलीत. त्याआधी चार वर्षं, २६ जुलै १९०२ रोजी, कोल्हापुरात शाहू महाराजांचा हुकूम निघाला होता. महाराज तेव्हा राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते. रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या जातींच्या लोकांनी भराव्यात, असा तो हुकूम. पुढे हेच महाराज आंबेडकरांना भेटायला परळच्या चाळीत आले, ‘मूकनायक’साठी त्यांनी पैसे दिले. १९२२ च्या मे महिन्यात त्यांचं निधन झालं तेही मुंबईत, खेतवाडीत. गिरगावपासून हाकेच्या अंतरावर.

आणि दादरचे रावबहादूर सीताराम केशव बोले. सिद्धिविनायकाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला ‘बोले रोड’ सांगणाऱ्यांपैकी किती जणांना ते कोण हे ठाऊक असेल? भंडारी समाजाचे हे पुढारी, कामगार चळवळीतले जुने कार्यकर्ते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. सार्वजनिक पैसा सगळ्यांचा, तर सार्वजनिक पाणीही सगळ्यांचं, इतका साधा विचार. नगरपालिकांनी तो गुंडाळून ठेवला, तेव्हा १९२६ साली बोल्यांनीच पुन्हा ठराव आणला, की जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचं अनुदान थांबवा. ठरावाला दात लागतात ते असे.

महाडच्या नगरपालिकेने या ठरावानुसार चवदार तळं कागदावर खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह त्याचं पाणी प्यायलं आणि पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. जे फारसं सांगितलं जात नाही ते असं, की हे प्रकरण दहा वर्षं न्यायालयात चाललं. सवर्णांचं म्हणणं, तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांना वर्ज्य करण्याची रूढी पुरातन आहे. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांना मनाई हुकूम मिळाला, म्हणून दुसऱ्या परिषदेच्या वेळी तळ्यावर न जाता मनुस्मृतीचं दहन झालं. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, फोर्टातल्या त्याच दगडी इमारतीत, निकाल दिला. न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड आणि वाडिया. ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच. रूढी पुरातन असल्याचं सिद्ध झालेलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि तळं खुलं राहिलं.

विजय झाला, पण तो पुराव्याच्या मुद्द्यावर. रूढी पुरातन ठरली असती तर? त्या वेळच्या कायद्यात याचं उत्तर अस्पृश्यांच्या बाजूने जाईलच अशी खात्री नव्हती. कायदा सगळ्यांना समान आहे एवढं पुरत नाही, विषमतेच्या रूढीला कायद्यातून हद्दपार करावं लागतं, हे बॅरिस्टर आंबेडकर स्वतःच्याच खटल्यात प्रतिवादी म्हणून शिकत होते. राज्यघटनेचं सतरावं कलम वाचताना हा खटला आठवावा.

पुढचा भाग परिचित आहे, म्हणून वेगाने सांगतो. १९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. घटनेत संधीची समानता आली आणि त्याच कलमात मागासवर्गीयांसाठी राखीव जागांची मुभाही आली. ३० नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी सरळ हिशोब मांडला. सत्तर टक्के जागा राखीव केल्या आणि तीसच खुल्या ठेवल्या, तर समान संधीच्या मूळ तत्त्वात काय उरलं? म्हणून राखीव जागा कमी हिश्श्यापुरत्या असाव्यात. हे वाक्य अनेकांना आजही गैरसोयीचं वाटतं, दोन्ही बाजूंना. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रासमधल्या महाविद्यालयांतला जातवार प्रवेश रद्द केला, आणि दोन-अडीच महिन्यांत पहिली घटनादुरुस्ती होऊन शिक्षणातल्या विशेष तरतुदींना जागा मिळाली. १९९२ च्या इंद्रा सहानी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पन्नास टक्क्यांची मर्यादा घट्ट केली.

साचेखात्यातल्या विणकरांपैकी बरेच कोकणातले, साताऱ्याकडचे मराठा. ९ ऑगस्ट २०१७ ला भायखळ्याच्या राणीबागेपासून आझाद मैदानापर्यंत मराठा समाजाचा मूकमोर्चा निघाला. त्यात या विणकरांची नातवंडं-पणतवंडं असणारच. गिरण्या गेल्या, गावची जमीन तुकड्यांत वाटली गेली, आणि आता ती मुलं राखीव जागा मागत होती. २०१८ साली राज्याने सोळा टक्क्यांचा कायदा केला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने टक्केवारी कमी करून तो मान्य केला आणि ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आधार होता तोच, पन्नास टक्क्यांचा. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, आर्थिक दुर्बलांच्या दहा टक्क्यांना मात्र तीन विरुद्ध दोन अशा मतांनी मान्यता मिळाली, तेव्हा ती मर्यादा ओलांडली जात असूनही. २०२४ मध्ये राज्याने मराठा समाजासाठी पुन्हा दहा टक्क्यांचा कायदा केला, त्यालाही न्यायालयात आव्हान दिलं गेलं. गरीब असणं, मागास असणं आणि ओठांचा विटाळ मानला जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच्या दुःखाने दुसऱ्याचं खोटं ठरत नाही. पण तिन्हींवर एकच औषध चालेल का, याची शांतपणे चर्चा करायला आपल्याकडे कुणाला वेळ नाही.

परत गिरणीकडे येऊ. कारण एवढ्या सगळ्या कायद्यांत साचेखातं कुठे होतं? राखीव जागा सरकारी नोकरीत. गिरणी खाजगी. घटनेचं सोळावं कलम गिरणीच्या फाटकाशी थांबत होतं. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा झाला. त्यात पाणवठा आला, हॉटेल आलं, देऊळ आलं. व्यवसाय, धंदा, व्यापार करण्याला आडकाठी केली तर शिक्षाही आली. पण नोकरी? कुणाच्या हाताखाली मजुरी करणाऱ्याचं काय? तो शब्द त्या कलमात नव्हता. विणकर हा धंदा करणारा की नोकरी करणारा, यावर वकिलांना वाद घालता आला असता.

दरम्यान साचेखात्याचं दार किलकिलं होत गेलं, ते बरंचसं यंत्रांमुळे. ओठ न लावता धागा ओवता येईल असे धोटे आले, आणि विटाळाचं निमित्तच गळून पडलं. चाळीतली पोरं शिकू लागली, जॉबरचं राज्य ढिलं झालं. युनियनचे ठराव आणि समित्यांचे अहवाल यांनी जे झालं नाही ते लाकडाच्या एका सुधारित तुकड्याने थोडंफार झालं. १९७४ मध्ये आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि मुंबईतल्याही काही गिरण्या सरकारच्या झाल्या. पण तोवर आहेत त्यांनाच काम पुरेना, तिथे नवी भरती कुठून होणार?

१९७६ मध्ये त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती झाली. नावही बदललं, नागरी हक्क संरक्षण कायदा असं झालं. व्यवसाय, धंदा किंवा व्यापार या शब्दांपुढे आणखी काही शब्द जोडले गेले, ‘किंवा कोणत्याही कामावरील नोकरी’ अशा अर्थाचे. १९२८ साली परळमधून जी मागणी गेली होती, ती अठ्ठेचाळीस वर्षांनी इतक्या थोड्या शब्दांत कायद्याच्या पुस्तकात येऊन बसली. १९ नोव्हेंबर १९७६ पासून ती अमलात आली.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अनेक गिरण्यांचे साचे त्यानंतर पुन्हा चालू झालेच नाहीत.